चढावर दम लागलेली गाडी

तीन आठवड्यांपूर्वी एका सकाळी दार उघडलं आणि तो वास आला. उकळत्या रसाचा, गोड आणि जरासा करपट, आणि त्याच्याखाली जळणाऱ्या चिपाडाचा. गुऱ्हाळ पेटलं होतं. मी तोंडही न धुता उंबऱ्यावर बसून राहिले. आई आतून ओरडली, "काय गं सुजे, परीक्षा तोंडावर आलीया न्हवं? बसलीयास काय अशी?" तिला काय सांगणार? हा वास आला की मला ऊस आठवत नाही, गूळही आठवत नाही. आमची पांढरी गाडी आठवते, खिंडीच्या चढावर धापा टाकणारी.

मी इंजिनिअरिंगला आहे, मेकॅनिकल, तिसऱ्या वर्षाला. आमच्या घरात दहावीच्या पुढं गेलेली मी पहिलीच. ऋतूंविषयी लिहायची मला सवय नाही. कारणं आणि उपाय लिहायची आहे, तीही क्रमांक टाकून. पण गेल्या वर्षीचा हंगाम तसा लिहायला घेतला आणि दुसऱ्याच क्रमांकाला अडकले. तेव्हा आठवतो तसाच लिहिते.

आमचं गाव बिद्रीच्या बाजूला, मोठ्या रस्त्यापासून आत, मध्ये एक खिंड. गावातून बाहेर पडायचं तर खिंडीचा चढ चढायचा, मग पलीकडं उतरून कोल्हापूरचा रस्ता धरायचा. सकाळची एसटी येते तोवर आमच्या कॉलेजचे दोन तास होऊन जातात. म्हणून आप्पांची गाडी. आप्पा म्हणजे माझे वडील. कोल्हापुरातल्या एका डॉक्टरांकडं त्यांनी बरीच वर्षं ड्रायव्हरकी केली. डॉक्टर थकले, घराबाहेर पडेनासे झाले, तेव्हा त्यांनी गाडी आप्पांच्या हवाली केली. ती माझ्यापेक्षा चार वर्षांनी मोठी आहे. आप्पा तिला थोरली म्हणतात. म्हणजे मी आपोआप धाकटी.

थोरलीतून गावातल्या आम्ही चौघी कॉलेजला जातो. मी, माझी मैत्रीण मनीषा आणि माळ्यांच्या दोघी बहिणी. मनीषाच्या वडिलांनी तिला कॉलेजात घालताना एकच अट घातली होती. "आप्पाच्या गाडीतनं जायाचं, आप्पाच्या गाडीतनं यायाचं. गाडी बंद झाली की कॉलेज बंद." माळ्यांच्या घरी कुणी असं बोलून दाखवलं नव्हतं, पण तिथंही तेच होतं. चौघींचं शिक्षण चार चाकांवर उभं होतं म्हणा ना.

आमच्या बौद्धवाड्यातली गल्ली अरुंद. बैलगाडी कशीबशी येते, मोटार येत नाही. म्हणून थोरली वर्षभर गुऱ्हाळाशेजारच्या चिंचेखाली उभी असते. आणि हंगामात आई दिवसभर त्याच गुऱ्हाळावर असते.

आईचं काम चिपाडाचं. चरकातून पिळून निघालेला उसाचा चोथा म्हणजे चिपाड. ते ओलं असतं, ते उन्हात पसरायचं, उलटंपालटं करायचं, वाळलं की चुलाणाकडं न्यायचं. त्याच जाळावर काहिलीतला, म्हणजे मोठ्या कढईतला, रस उकळतो. वाळलेलं चिपाड हलवलं की त्याचा बारीक भुसा उडतो. उन्हाच्या तिरिपेत तो सोनेरी दिसतो, दिसायला फार छान, नाकात गेला की मात्र शिंका थांबत नाहीत. म्हणून आई नाकातोंडावर घट्ट फडकं बांधते. दुपारी डबा द्यायला गेलं की सहा-सात बायका, सगळ्यांची तोंडं बांधलेली, आणि मी तिला डोळ्यांवरून ओळखायची.

हंगामात सगळंच चिकट होतं. मोबाइल चिकट, दाराची कडी चिकट. माझ्या थर्मोडायनॅमिक्सच्या वहीची दोन पानं काकवीनं अशी चिकटली की त्यातलं एक समीकरण मला अजूनही ठाऊक नाही. आणि मुंग्या. हंगामात मुंग्यांचंच राज्य. गादीत, दप्तरात, आप्पांच्या टोपीत. त्यांच्याकडं बघायचं आम्ही सोडूनच दिलेलं असतं, आणि गेल्या वर्षी मी चुकले ती तिथंच.

त्या हंगामाच्या चौथ्या आठवड्यातला सोमवार. सपाटीवर गाडी नीट चालत होती. चढ लागला आणि आप्पांनी पाय दाबला, पण गाडी काही उचलेना. तिसऱ्यावरून दुसऱ्यावर, दुसऱ्यावरून पहिल्यावर. इंजिन गरगरायचं सोडून नुसतं हुंकारत राहिलं, तोंड दाबून कुणी बोलावं तसं.

"उतरा गं पोरींनू," आप्पा म्हणाले.

आम्ही उतरलो. चौघी चढ चालत, पुस्तकं उराशी, आणि शेजारून रिकामी थोरली आमच्याच चालीनं. मागं उसाची ट्रॉली येऊन ठेपली. ट्रॅक्टरवरचा माणूस मानेला मफलर गुंडाळून बसला होता. तो वरनं ओरडला, "आप्पा, बैल जुपा की हिला! न्हायतर बाजूला घ्या, आमचा ऊस वाळाय लागला!"

आप्पांनी हात बाहेर काढून त्याला पुढं जायची खूण केली. ते हसले, पण आरशात मला त्यांचा चेहरा दिसला.

पुढं रोज तेच. आज मागं वळून बघताना मला ते चालणं फार सुखाचं वाटतं. थंडी इतकी की बोलताना तोंडातून वाफ निघायची. दोन्ही बाजूला तोडलेल्या उसाची रानं, पाचटावर दव. मनीषा पुढं चालायची आणि मोठ्यानं व्याख्या म्हणायची, आम्ही मागून तिच्या चुका काढायचो. माळ्यांची धाकटी म्हणायची, "गाडीपेक्षा मीच हुषार, मला चढताना पेट्रोल लागत न्हाय." आम्ही इतक्या हसायचो की चढ संपलेला कळायचा नाही. पण वर पोहोचल्यावर घड्याळ बघायचं आणि हसू थांबायचं. पुढच्या सोमवारपासून परीक्षा होती. पहिला पेपर सकाळचा.

बुधवारी आप्पांनी शहरात एका मिस्त्रीला गाडी दाखवली. मीही होते. मिस्त्रीनं बॉनेट उघडलं, इंजिन चालू करून कान दिला आणि हात पुसले. "वय झालं हिचं आप्पा. इंजिन बसलंय. खोलाय लागंल, आणि खोललं तर परत तशी होईलच असं न्हाय. इकून टाका."

रात्री जेवताना आप्पा म्हणाले, "रविवारी एक पावणं गाडी बघाय येनार हायत." आईनं भाकरी तव्यावरच ठेवली आणि माझ्याकडं बघितलं. आप्पा माझ्याकडं न बघता म्हणाले, "तू शिकतीयास ते ह्येच न्हवं? बघ की मग. रविवारपतोर हाय आपल्याकडं."

माझ्या आयुष्यात इतकी अवघड तोंडी परीक्षा कुणी घेतलेली नाही.

मी पुस्तक काढलं. गाडीची ताकद कमी होण्याची कारणं असा भाग होता आणि मी तो पाठ केलेला होता. पाठ करणं आणि बॉनेटमध्ये वाकून उभं राहणं यात केवढं अंतर आहे, ते त्या तीन दिवसांत कळलं. पुस्तकातली आकृती स्वच्छ असते. आमच्या थोरलीत सगळं एकाच रंगाचं होतं, काळपट तपकिरी.

तरी एक एक बघत गेले. आधी क्लच. क्लच घसरत असेल तर इंजिन ओरडतं आणि गाडी हलत नाही. आमचं इंजिनच ओरडत नव्हतं, तेव्हा तो नव्हे. मग ब्रेक धरून राहतायत का ते. न्यूट्रलवर टाकून मी एकटीनं गाडी ढकलली. ती सरळ चिंचेपासून खळ्यापर्यंत गेली आणि मला तिच्यामागं पळावं लागलं. गुऱ्हाळावरच्या बायका काम सोडून हसायला लागल्या. "आगं सुजे, इकायच्या आधीच पळाली की ती!" पेट्रोलचा फिल्टर आप्पांनीच बदलून आणला. सायलेन्सरच्या तोंडाशी हात धरून बघितला, धूर मोकळा येत होता, जरासा काळा.

प्लग काढले तर चारही काळेकुट्ट, कोरड्या काजळीनं माखलेले. पुस्तक म्हणत होतं, असं असेल तर पेट्रोल जास्त जातंय किंवा हवा कमी येतेय. हवा म्हटल्यावर मी एअर फिल्टरचा डबा उघडला. आतला कागदी फिल्टर पांढरा स्वच्छ. मला केवढा अभिमान वाटला! दिवाळीच्या सुट्टीत तो मीच झटकून, पुसून बसवला होता. म्हणजे हवेचं कारण नाही. मी डबा बंद केला आणि वहीत त्या कारणावर फुली मारली.

शुक्रवारी सरांकडं गेले. आमचे वर्कशॉपचे सर. इंजिनातला दाब मोजायचं मीटर त्यांच्या कपाटात असतं. मी केबिनवरून तीनदा गेले, आत जायचं धाडस होईना. पहिल्या वर्षापासून माझं हेच. वर्गात कुणी म्हणालं, "हे तुम्हाला माहीतच असेल," की मी मान हलवायची. माहीत नसायचं. घरी विचारायला कुणी नव्हतं आणि वर्गात विचारायची लाज. चौथ्यांदा सरांनीच हाक मारली, "काय हरवलंय का?"

सांगितलं. त्यांनी मीटर दिलं, कसं लावायचं ते दाखवलं, आणि सहज विचारलं, "प्लग काळे म्हणतेस. मग हवा बघितलीस?"

"फिल्टर मी स्वतः साफ केलाय सर. एकदम स्वच्छ आहे."

"बरं," ते म्हणाले. "तरी परत बघ. आपण स्वतः केलेलं काम आपण शेवटी तपासतो."

शनिवारी चारही सिलिंडरचा दाब मोजला. चारही जवळजवळ सारखे आणि चांगले. मी आप्पांकडं पळत गेले. "आप्पा, इंजिन बसलेलं न्हाय! वय झालं तरी छाती चांगली हाय तिची!" आप्पा म्हणाले, "मग चढत का न्हाय?" वहीतली सगळी कारणं फुलीनं भरली होती.

रविवारी सकाळी चिंचेखाली गेले तेव्हा ऊन नुकतंच आलं होतं. चरक चालू होता, आई चिपाड पसरत होती. भुसा सगळीकडं. गाडीच्या काचेवर, टपावर, आरशावर, बोटानं नाव लिहिता येईल इतका. मी ते बघत होते आणि एकदम डोक्यात आलं. ही गाडी चार आठवडे या भुशात उभी आहे. गावातली प्रत्येक वस्तू पिवळी पडली आहे. मग हिचा फिल्टर पांढरा कसा?

मी इंजिन चालू केलं आणि मनीषाला पाय दाबून ठेवायला सांगितलं. ती रिव्हिजन करायला आली होती, वही मांडीवर घेऊन ड्रायव्हरच्या जागी बसली. इंजिन तसंच हुंकारत होतं. मी फिल्टरच्या डब्याचं झाकण उघडलं. आणि थोरली ओरडली! मोकळं, खणखणीत. मनीषानं दचकून पाय काढला, वही खाली. झाकण बंद केलं, पुन्हा घुसमट. उघडलं, पुन्हा मोकळी. म्हणजे अडथळा डब्यात नव्हता. डब्याच्याही आधी होता, हवा जिथून आत शिरते त्या नळीत.

ती नळी पुढं जाळीमागं, दिव्याच्या कडेला जाते. तिथं नजर पोहोचत नाही. मी गुडघे टेकून वाकले आणि तेव्हा मला मुंग्या दिसल्या. पुढच्या चाकावरून वर, बंपरवरून आत, एका ओळीत, अगदी शिस्तीत. आठवडाभर दिसत होत्या खरं तर. मी त्यांच्या मागोमाग हात घातला. बोटांना काहीतरी कडक लागलं, पापडासारखं.

ओढून काढलं. कापड होतं. गुळाची ढेप साच्याला चिकटू नये म्हणून आत अंथरतात ते सुती कापड, दुहेरी घडी करून नळीच्या तोंडावर सुतळीनं नीट बांधलेलं. त्यात मुरलेली साखर वाफेनं ओली होऊन वाळली होती आणि वर भुशाचा बोटभर थर. एखाद्या वडीसारखं ते हातात आलं, मुंग्यांसकट.

"हे कुणी बांधलं?" मी ओरडले.

चरकाच्या आवाजातही आईला ऐकू गेलं. ती आली, तोंडावरचं फडकं खाली ओढलं, कापडाकडं बघितलं. "मी."

"आई! कशाला पण?"

"तूच म्हनलीस न्हवं?" ती इतकी गोंधळली होती की तिचे हात पदराशी खेळायला लागले. "दिवाळीला तूच दावलंस. ह्ये गाडीचं नाक हाय, धूळ गेली की हिला दम लागतो. मग हंगाम सुरू झाला, एवढा भुसा. आमी आमचं नाक बांधतो, तिचं उघडंच. म्हनलं तिचं बी बांधावं. धुतलेलं हुतं गं कापड. चांगलं बघून घेतलतं."

मनीषा आधी हसली. मग मी, मग गुऱ्हाळावरच्या बायका. आई मात्र अजून माझ्याकडंच बघत होती, चूक केलेल्या मुलीसारखी, आणि माझं हसू थांबलं. कारण चूक माझी होती. मी तिला अर्धंच सांगितलं होतं. धूळ जाऊ नये एवढं सांगितलं, हवा जावी हे सांगितलंच नाही. मला वाटलं, ते तिला माहीतच असेल. माझ्याशी लोक वर्गात जे करत आले, तेच मी घरी केलं होतं. आणि फिल्टर स्वच्छ होता तो माझ्या दिवाळीतल्या पुसण्यानं नव्हे, आईच्या कापडानं.

आणखी एक गोष्ट माझ्या लक्षात आली. दुहेरी फडक्यानं चार आठवड्यांत इंजिनाला चढ चढवेना. आई हंगामभर, दिवसभर, तसल्याच फडक्यातून श्वास घेते, आणि संध्याकाळी डोक्यावर सरपण घेऊन घरी येते.

आप्पा आले. मी कापड त्यांच्या हातात दिलं. त्यांनी ते उलटंपालटं केलं, आईकडं बघितलं, आणि इतकंच म्हणाले, "गाडीत बस."

"मी? चिपाड कोन पसरनार?"

"पसरतील त्या. बस म्हनतो न्हवं?"

आई पुढं बसली. थोरलीत पुढच्या जागेवर ती त्याआधी कधी बसल्याचं मला आठवत नाही. मागं मी आणि मनीषा. खिंडीचा चढ लागला. आप्पांनी दुसरा टाकला, मग जरा थांबून तिसरा. गाडी चढत होती. नुसती चढत नव्हती, पळत होती. मनीषानं दोन्ही काचा खाली केल्या, गार वारा आत घुसला. पुढं तोच मफलरवाला ट्रॅक्टर होता. आप्पांनी हॉर्न दिला, लांबलचक, लग्नाच्या गाडीसारखा. शेजारून जाताना आप्पांनी मान बाहेर काढली. "बैल जुपलं बरं का!"

आई पदरात तोंड घालून हसत होती. तिचे खांदे हलत होते.

खिंडीच्या माथ्यावर एक माणूस मोटारसायकल उभी करून वाट विचारायला थांबला होता. तोच गाडी बघायला आलेला पाहुणा. थोरली त्याच्यासमोर येऊन थांबली तेव्हा त्यानं तिला पुढून मागून बघितलं. "गाडी हीच व्हय? चढत न्हाय म्हनला हुता की."

"न्हवती चढत," आप्पा म्हणाले. "नाक चोंदलं हुतं. आता मोकळं झालं."

"मग?"

"मग काय? इकायची न्हाय. पर आलाय तर खाली चला पावणं, गरम गूळ खाऊन जावा."

आणि तो आला. काहिलीजवळ बसून उसाच्या कांड्यावर गरम गूळ घेऊन खाल्ला, बोटं चाटली, आणि जाताना म्हणाला, गाडी मिळाली नाही याचं आता काही वाटत नाही. दुसऱ्या दिवशी आम्ही चौघी पेपरला अर्धा तास आधी पोहोचलो. सरांना मीटर परत करताना मी सगळं सांगितलं. ते बराच वेळ हसले, मग म्हणाले, "हे कारण तुझ्या पुस्तकात लिहून ठेव." मी लिहून ठेवलं आहे, पेनानं, यादीच्या खाली. आणि आता वर्गात काही कळलं नाही की हात वर करते.

या हंगामात आईनं नाकावर एकेरी, पातळ कापड घ्यायला सुरुवात केली आहे. मी आणून दिलं. दर तासाला सावलीत जाऊन ते सोडायचं, मोकळा श्वास घ्यायचा, असंही ठरवून दिलं. ती ऐकते की नाही, माहीत नाही. पण रोज सकाळी आम्ही गाडीत बसलो की ती चिंचेखाली येते. गुडघे टेकून जाळीतून आत बघते, बोट घालून भुसा झटकते, मुंग्या कुठं चालल्यात ते बघते. चौघी घड्याळ बघत असतो, आप्पा इंजिन चालू करून थांबलेले असतात, पण तिनं सांगितल्याशिवाय गिअर टाकत नाहीत.

मग ती उठते, हात पुसते, तोंडावरचं कापड खाली ओढते आणि टपावर थाप मारते.

"जावा. मोकळं हाय."